मॉरिसचं पाणी

आमच्या घरात सकाळचा पहिला चहा गाडीला मिळायचा. म्हणजे पाणीच, पण सासूबाई त्याला गाडीचा चहा म्हणायच्या. माझे सासरे बद्रीनाथअण्णा उठल्या उठल्या बादली भरायचे, गेटाच्या आत पत्र्याखाली उभ्या असलेल्या जुन्या मॉरिसचं बॉनेट उघडायचे आणि रेडिएटरमध्ये पाणी ओतायचे. रात्रभरात ते गळून जायचं, की सकाळी अण्णा पुन्हा हजर. सासूबाई गेल्यावर त्यांचं जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं, पण बादली सुटली नाही. मी वैतागायचे. उस्मानपुऱ्यात नळाला पाणी येतं आठवड्यानं, आणि इथं गाडीचे लाड! शेवटी मीच हट्ट धरला, तो रेडिएटर एकदाचा दुरुस्त करून घ्या.

अण्णांचा दोस्त एकच, फारूखचाचा. रेडिएटरचे कारागीर. तरुणपणी याच मॉरिसवर त्यांचा हात बसला होता. दर रविवारी दोघं तिच्यातून पैठण रोडला जाऊन चहा पिऊन यायचे. एवढ्या जुन्या गाडीचा रेडिएटर बाजारात मिळत नाही, म्हणून चाचांनी वरची-खालची पितळी टाकी तीच ठेवली आणि मधली तांब्याची जाळी नवीन बसवली. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, तरी सगळे सांधे स्वतः जोडले. गाडी परत आणली तेव्हा नुसती छाती फुगलेली.

"भाऊ, आता मरेस्तोवर हिला पाणी पाजायचं काम नाय," ते म्हणाले.

"कुणाच्या मरेस्तोवर? तुझ्या का माझ्या?" अण्णा हसले. त्यांना हसताना मी फार दिवसांनी पाहिलं. मग चाचा लेकीकडे फुलंब्रीला राहायला गेले.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी झाकण उघडलं तर पाणी काठोकाठ. भरलेली बादली त्यांनी तशीच परत आणली. तिसऱ्या दिवशीही तेच. मग त्यांनी बादली भरणं सोडलं, आणि मग उठणंच सोडलं. दहा वाजले तरी भिंतीकडे तोंड करून पडलेले. "उठून काय करू?" म्हणायचे. मी पाणी वाचवायला निघाले होते आणि घरातला माणूस वाळायला लागला. फार वाईट वाटायचं मला.

माझा नवरा सुदर्शन म्हणजे बोलायचं तिथं गप्प, आणि करायचं ते गुपचूप. एका संध्याकाळी तो कामावरून आला, गाडीपाशी वाकला, रेडिएटरच्या खालची तोटी उघडून तांब्याभर पाणी जमिनीवर सोडलं आणि तोटी बंद केली. सकाळी अण्णांना ती ओल दिसली.

"गळतंय!" अण्णा ओरडले. आवाजात काय तो आनंद! "तनुजा, बादली कुठंय?"

मीही हसले. मग रोज संध्याकाळी सुदर्शन तोटी उघडायचा आणि रोज सकाळी अण्णा चाचांच्या नावानं बोटं मोडत पाणी भरायचे. पोटभर जेवायला लागले. चाचा कधीतरी फुलंब्रीहून परत येणार आहेत, हे आम्हा दोघा शहाण्यांच्या ध्यानातच आलं नाही.

एका रविवारी ते आले.

"काय फारूख, शिकाऊ पोरगंबी असा सांधा जोडत नाय. लई गळतंय!"

चाचांचा चेहरा उतरला. धुतलेल्या शर्टानिशी ते फरशीवर आडवे झाले आणि गाडीखाली डोकं घातलं. एकेका सांध्यावरून बोट फिरवलं. सगळे कोरडे. मग बोट तोटीपाशी थांबलं. तिथं थेंब होता. चाचांनी वर पाहिलं ते थेट सुदर्शनकडे. सुदर्शन आपल्या चपलेकडे बघत उभा. मी मनात म्हणत होते, बोल रे बाबा, आता तरी तोंड उघड.

"सांधा कच्चा राह्यला, भाऊ," चाचाच म्हणाले. "आँखों का काम है. आता दिसत नाय."

"मंग हात कशाला लावला? हात गेला तुझा, फारूख. दुकान बंद कर आता."

चाचा चहा न घेता गेले. मी सुदर्शनला चांगलं फैलावर घेतलं. तो म्हणाला, "बोललो असतो तर अण्णा उद्यापासून परत झोपून राहिले असते. चाचांना कळलंय सगळं. ते समजून घेतील."

समजूतदार माणसाच्याच डोक्यावर सगळे मिरे वाटतात.

पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून गेटाशी बसायचे. फोन लावला की कमरुन्निसाचाची म्हणायच्या, झोपलेत. एका सकाळी बादली हातात धरून अण्णांनी विचारलं, "मी त्याला लई बोललो का गं?" मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

अण्णांनी बादली खाली ठेवली. "फारूखला ठावं होतं?"

"त्यांना तेव्हाच कळलं होतं."

"चल."

आम्ही मॉरिस घेऊनच गेलो. चाचा घराच्या ओट्यावर बसले होते. उतरता उतरताच अण्णा म्हणाले, "खोटं कशाला बोलला रे? सांधा पक्का हाय म्हणून सांगायचं ना मला!"

चाचांनी खुर्ची पुढं केली. "पोरानं तुमच्यासाठी केलं. त्याला तोंडघशी कशाला पाडू? तेवढं खोटं बोललो मी. पण इतकी वर्सं तुमी माझं काम बघितलं. तुमी एकदा तरी म्हणायचं होतं, फारूखचा सांधा गळायचा नाय. मी तेवढ्याचीच वाट बघत होतो, साहेब."

अण्णांना ते कधी साहेब म्हणत नसत. अण्णांचा हात खुर्चीच्या पाठीवरच राहिला. मग चाचीनं चहा दिला, आम्ही तो प्यायलो, चाचा गाडीपर्यंत पोचवायला आले. रीतीत कशाची म्हणून कसर ठेवली नाही.

"रविवारी येतोस ना?" अण्णांनी विचारलं.

"बघू, साहेब. तब्येत कशी राहती त्याच्यावर."

दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्याआधी उठले होते. मला जरा बरं वाटलं. बाहेर आले तर ते गाडीपुढं उकिडवे बसलेले, तोटी पूर्ण उघडी आणि पाणी फरशीवरून गेटाबाहेर चाललेलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत ते थांबले. मग तोटी फिरवून बंद केली आणि बॉनेट लावलं.

"अण्णा, भरायचं नाही का?"

"कुठं जायचंय आता?" म्हणाले, आणि रिकामी बादली माझ्या हातात देऊन आत झोपायला गेले.