तीन गोळे आणि मधला

"आधी बाण काढा. कोण कुणीकडे ओढतंय ते बघा, मग आकडे. बाणाशिवाय बेरजेला हात लावाल, तर हात मोडून ठेवीन."

सर हे रोज म्हणायचे आणि पोरं रोज हसायची. सर म्हणजे माझे यजमान. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही. दुपारी ते शाळेत शिकवत आणि सकाळी सात ते नऊ आमच्या पुढच्या खोलीत शिकवणी घेत. बारा वर्षं मी ती स्वयंपाकघराच्या दारातून ऐकली. ऐकलीच फक्त, कारण उठल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत माझं मौन असतं. लग्नाआधीपासूनचा नेम. देवाच्या कृपेने एकदाही मोडला नव्हता, सरांचा हात उठला तेव्हासुद्धा.

त्या सकाळी समभुज त्रिकोणाचं गणित होतं. तीन टोकांना सारख्या वजनाचे तीन गोळे, बरोबर मध्ये चौथा. तिघांचं मिळून मधल्यावर गुरुत्वाकर्षण किती? सर घाईत होते. त्यांनी बाण काढलेच नाहीत. तीन सारखे आकडे एकाखाली एक मांडले, बेरीज केली, तिप्पट लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

"सर, बाण राहिले," मागच्या बाकावरून उंदरी म्हणाली. दात जरासे पुढे, म्हणून सरांनीच तिला हे नाव ठेवलं होतं. सोळा वर्षांची, कपडे शिवून घर चालवणाऱ्या बाईची एकुलती एक मुलगी.

सर म्हणाले, ये, तूच पाजळ तुझी अक्कल. ती आली. मधल्या गोळ्यापासून तिन्ही टोकांकडे तीन सारखे बाण काढले आणि सरांच्या उत्तराशेजारी शून्य लिहिलं.

"तिघं सारखंच ओढतात, तीन बाजूंना. मधला बिचारा जाणार कुठे?"

कोणीतरी मागून विचारलं, मग आता हात कुणाचा मोडायचा? सगळा वर्ग खो खो हसला.

फळ्याला टेकून लाकडी गुण्या ठेवलेला असे, रेघा मारायचा, हातभर लांब. पहिला फटका तिच्या मनगटावर बसला. खडू मोडल्यासारखा आवाज झाला, पण खडू तिच्या बोटांत अख्खाच होता. दुसरा फटका कडेने, कानावर. ती बाकावर आदळली. तिसरा, चौथा पाठीत. पाचव्याला गुण्याचं टोक तुटून माझ्या पायाशी आलं. तिच्या कानातून रक्त मानेवर उतरत होतं आणि सर दात आवळून, प्रत्येक फटक्याबरोबर एकेक शब्द म्हणत होते: "बाण. काढ. आता. बाण." पोरं बाकांना चिकटून बसली होती.

मी पाच पावलांवर होते. 'पुरे' हा शब्द पार ओठांपर्यंत आला होता. सासूबाईंनी मागून माझं मनगट धरलं आणि पुटपुटल्या, मध्ये पडू नकोस, त्याचा राग आपोआप उतरतो. आणि नेम होताच. मी डोळे मिटून जप सुरू केला. अकरा जप झाले तेव्हा ती खाली पडल्याचा आवाज आला.

दुपारी दोन घास गिळून मौन सोडलं आणि मी दवाखान्यात गेले. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. कानाचा पडदा फाटला होता. त्या कानाने आता ऐकू येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. ती पायरीवरून घसरली, असं सरांनी सगळीकडे सांगितलं होतं आणि पोरांनीही तेच पाठ म्हटलं होतं. तिच्या आईच्या गळ्यात मापाची फीत तशीच होती. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "वहिनी, चौकीवाले विचारतात, मोठ्या माणसाने कुणी पाहिलंय का? उद्या दहापर्यंत सांगा म्हणतात."

पोरीने चांगला कान माझ्याकडे वळवला. "काकू, शून्यच ना?"

"शून्यच," मी म्हणाले. "उद्या दहाला चौकीवर येऊन सांगते. सगळं."

घरी आले तर फळा तसाच होता, तिप्पट आणि शेजारी शून्य. रोज पुसायचं काम माझं. सर म्हणाले, पूस. मी म्हटलं, राहू दे, उद्या चौकीवर सांगायचंय. बारा वर्षांत पहिल्यांदा.

त्यांनी तोच तुटका गुण्या उचलला. तुटलेली बाजू जास्त लागते. एक दात हातात आला, बरगडीत कळ शिरली ती श्वासागणिक फिरत राहिली. मी भिंतीशी दुमडले तेव्हा त्यांनी केस धरून मला फळ्यापर्यंत ओढलं आणि माझ्याच गालाने ते शून्य पुसलं. स्वयंपाकघरात सासूबाईंनी नळ मोठा सोडला होता. धाप लागल्यावर सर म्हणाले, उद्या उंबरा ओलांडलास तर परत येऊ नकोस.

सकाळी शिकवणी नव्हती. सर मुख्याध्यापकांना आधीच गाठायला म्हणून लवकर गेले. मी आंघोळ केली, देवासमोर बसले. ओठ सुजलेले, जप मनातही अडखळत होता. समोर देव, आणि डोक्यात मात्र ते गणित. एका टोकाला सर, एकाला सासूबाई, एकाला माझा नेम. तिघं सारखेच ओढणारे, म्हणून मी बारा वर्षं दारात उभी. पण त्रिकोणाबाहेर, लांब, कुणी चौथं असलं तर? तिघांची ओढ आपापसात फिटते. उरते ती त्या चौथ्याचीच, मग तो गोळा केवढा का लहान असेना. बाण एकच निघतो.

मी देवाला नमस्कार केला. मनात म्हटलं, आज दहाला नेम मोडेल, पदरात घे.

मग सरांनी कपाटामागे दडवलेला गुण्या काढला. कडेला अजून त्या पोरीचे दोन केस चिकटलेले होते. तुटलेलं टोकही घेतलं आणि दोन्ही जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून काखेत धरलं.

"कुठे निघालीस?" सासूबाईंनी आतून विचारलं.

साडेनऊ झाले होते. मौन अजून सुटलं नव्हतं. मी चपला घातल्या आणि कडी काढली.