मी कळंबच्या होडीवरचा सांधा

"ही सळई समुद्राची नाही," असं दिनानाथ म्हणाले, तेव्हा मला तो माझा अपमान वाटला होता.

मित्रांनो, मी एक जुनी वेल्डिंगची सळई आहे. म्हणजे होते. आता मी एका होडीच्या इंजिनाच्या क्लँपवरचा सांधा आहे. माझ्या शंभर भागांत त्र्याण्णव भाग ॲल्युमिनियम, सहाहून थोडं अधिक तांबं, चिमूटभर मँगनीज आणि नावापुरते टायटॅनियम, झिर्कोनियम, व्हॅनेडियम. तांब्यामुळे मला ताकद येते. माझ्या बहिणी विमानांचे भाग आणि अग्निबाणांच्या टाक्या सांधतात. सातिवलीला दिनानाथांच्या वेल्डिंगच्या गाळ्यात मी आले, ती अशाच तांबं मिसळलेल्या ॲल्युमिनियमच्या चौकटी जोडायला. तोरा तर माझा फारच होता.

एका ऑगस्टमध्ये कळंबचा मासेमार सॅन्टन आपल्या होडीचा तडकलेला क्लँप घेऊन आला. याच क्लँपच्या आधाराने इंजिन होडीच्या मागे टांगलेलं असतं.

"खाऱ्या पाण्यात हिच्यातलं तांबं ॲल्युमिनियमला खातं," दिनानाथ म्हणाले. "दुसरी सळई मंगळवारी येईल. थांब."

"दिनाभाऊ, रविवारी फादर होड्यांना आशीर्वाद द्यायला येनार. माझी काय लंगडी उभी करू?"

"मग फादरनाच सांग वेल्डिंग करायला."

"त्यांचा हात तुमच्यापेक्षा बरा असंल," सॅन्टन हसला. "हीच लावा. मागनं बदलू."

मी वितळले. सांधा सुरेख बसला. सॅन्टनने हातोडी मारून पाहिली. म्हणाला, "लोखंड पन लाजंल." मला तेव्हा किती बरं वाटलं.

रविवारसाठी त्याने माझ्यावर निळा रंग फासला. त्याच्या घरची रीत अशी, की आशीर्वाद मिळालेल्या होडीला हंगाम संपेपर्यंत पान्हा-छिन्नी लावायची नाही. झालं, 'मागनं' म्हणजे थेट पुढचा पावसाळा.

त्याची बायको ॲनी सुरुवातीला रोज यायची. कडेवर तान्ही मुलगी, हातात गोड्या पाण्याची कळशी. माझ्यावरचं मीठ धुऊन जायचं. मग उन्हाळा आला, गावात टँकर येईनासा झाला.

"आई, हे पानी पोरीला का इंजिनला?" तिने सासूला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता कळशी घरात नेली. तिचं काय चुकलं? बाळाला पाणी लागतंच.

आता रंगाखाली माझी पांढरी भुकटी होते आहे. वरून मी अजून नवी दिसते. दिनानाथ गाळा विकून गावी गेले, म्हणजे मला ओळखणारं इथे कुणी उरलं नाही. खोल पाण्यात मी सुटले, की इंजिन तळाला जाईल आणि ओहोटी सॅन्टनला कुठे नेईल, ते मला कळायचंही नाही. दर लाटेला मी धरून ठेवते. फार दिवस धरवणार नाही.

मित्रांनो, वस्तू जिथली तिथेच लावावी आणि तिला धुऊन-पुसून ठेवावी, हे तर मी सांगेनच. पण तुमच्यापैकी कुणी कळंबला जाणार असाल, तर किनाऱ्यावर सॅन्टनची होडी विचारा. निळ्या रंगाला नुसतं नख लावून बघा. होडी दिसली नाही, तर ॲनीच्या घरी जा, आणि तो परत आलाय का, एवढं बघा.