वीजराणीचा निरोप

"जाते, बाबा. आता तुमचं गाव तुम्हीच सांभाळा," रजईखालून दामिनी म्हणाली, आणि लगेच ओसरीतून आईचा आवाज आला.

"येते म्हण वो!"

रेकॉर्डिंग पुन्हा वाया गेलं. दामिनीनं घामेजलेलं डोकं बाहेर काढलं. आवाज घुमू नये म्हणून ती भरदुपारी रजई पांघरून मोबाइलशी बोलत होती, आणि चंद्रभागाबाई बाहेर तांदूळ पाखडता पाखडता प्रत्येक वाक्याला दुरुस्ती सुचवत होत्या.

"आई, बोलू नको न! मी काम करून राहिली."

"मंग जाते-जाते काहून करून राहिली? घरातून निघणारा माणूस येतो म्हणते."

हेच तर झालं होतं. मुंबईच्या स्टुडिओत वीजराणी या कार्टूनच्या शेवटच्या भागाला मराठी आवाज देताना कागदावर 'जाते' होतं, दामिनीच्या तोंडून सवयीनं 'येते' निघालं. कोणालाही खटकलं नाही. ती सुट्टीला गावी, अड्याळला आली, आणि मग चॅनेलच्या हिंदी साहेबांनी तो भाग ऐकला. जाणारी बाई 'आती हूँ' कशाला म्हणते? पोरं पुढच्या सीझनची वाट बघत बसतील. पुढचा सीझन येणारच नव्हता, म्हणून ते वाक्य आता घरूनच बदलून पाठवायचं होतं.

चॅनेलनं वीजराणीला पहिल्यापासून सावत्र लेकीसारखं वागवलं. कधी सकाळी, कधी संध्याकाळी, मध्येच महिनाभर गायब. भागांचा क्रमही धड नाही. मंगळवारी वीजराणीचे गुरू मेले आणि गुरुवारी ठणठणीत उठून तिला दोरीवर चढवत होते.

"मेलेला माणूस भात खाऊन राहिला बाप्पा," चंद्रभागाबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. तरी त्यांनी एक भाग चुकवला नाही. लेकीचा आवाज ऐकायची ती एकच ठरलेली वेळ होती, आणि तीसुद्धा ठरलेली नव्हती.

दुसऱ्या चॅनेलवरच्या कार्टूनचं, लोहपंजाचं मात्र राजेशाही चाललं होतं. रोज पाचला म्हणजे पाचला. भंडाऱ्याच्या दुकानांत त्याच्या चित्राची दप्तरं लटकत होती. तो वीजराणीपेक्षा काही शूर नव्हता, फक्त त्याच्या पाठीशी मालक उभा होता. दामिनीला याचा मनापासून राग येई.

पण दोन्हींचं मराठी एकाच स्टुडिओत होत असे, आणि लोहपंजाच्या बहिणीचा आवाज अजून ठरायचा होता. मोबाइल थरथरला. स्टुडिओच्या मोना मॅडम होत्या.

"दामिनी, पाचच्या आत पाठव. चॅनेलला वाटतंय तू मुद्दाम अडवतेयस. हे नीट झालं, तर बहिणीसाठी तुझंच नाव देते. नाही झालं, तर मी तरी काय करू?"

दामिनीनं घड्याळाकडे पाहिलं. उठली, खिडकी लावली, पुन्हा उघडली, पाणी प्यायली. वीजराणी गेली म्हणजे मुंबईतलं कामच गेलं. तिथल्या खोलीत पुन्हा पाय ठेवायचा, तर ही बहीण हवीच होती.

"आई, तुळसाकाकूकडे जाऊन ये न जरा. दही आण."

"आत्ता दही कायले?"

"आण न!"

चंद्रभागाबाई सूप ठेवून उठल्या. दामिनी रजईत शिरली, डोळे मिटले, आणि वीजराणीला तिनं एकदाचं घालवलं. आवाज जिथं फाटायला हवा होता, तिथंच फाटला. पाठवलं. थोड्या वेळानं मोना मॅडमचा निरोप आला: 'एकदम छान! बहीण तुझी. सोमवारी ये.'

दामिनीला हसू फुटलं. ती रजई फेकून ओसरीत आली. आई खांबाला टेकून बसली होती. हातात दह्याचं भांडं नव्हतं.

"झालं?"

"झालं. सोमवारी बोलावलं मले. मोठं काम हाय."

"बरं झालं. काय म्हटलं मंग शेवटी?"

"येते म्हटलं."

चंद्रभागाबाईंनी सूप ओढून मांडीवर घेतलं, पण पाखडलं नाही.

"खोटं नको बोलू. मी गेलीच नाही, दाराशी उभी होती. येते म्हटलं का 'ये' म्हणाव, थे मले मालूम हाय. जाते म्हटलं तं मायनं काय म्हणाव वो?"