बंपरला बंपर

मी एक जुना बंपर आहे आणि मी रागावलेलो आहे. म्हसावद-शहादा रस्त्यावर धावणाऱ्या गिरधरच्या जीपला मी पुढून बसवलेला आहे. शहाद्यातल्या एका वेल्डिंगच्या दुकानात माझा जन्म झाला. नवा होतो तेव्हा गिरधर मला रोज फडक्याने पुसायचा, दसऱ्याला झेंडूची माळ घालायचा. आता अंगावर गंज चढलाय, पोचे पडलेत. त्याचं मला फारसं दुःख नाही. चीड येते ती माझ्या नावाची.

मित्रांनो, रस्त्यावर गाड्यांची गर्दी झाली की तुम्ही म्हणता, "बंपर टू बंपर ट्रॅफिक आहे." म्हणजे गाडीला गाडी इतकी खेटलेली, की मधून माणूससुद्धा जाऊ नये. पण अशी गर्दी काय आभाळातून पडते? ऊसतोडीच्या हंगामात साखर कारखान्याच्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, आणि आमचा गिरधर मला पुढच्या ट्रॉलीला नेऊन चिकटवतो. वर मिशीला पीळ देऊन सांगतो, "मी कोणलेच मझार घुसू देत नही!" मध्ये कुणी शिरलं, की त्याला कमीपणा वाटतो.

यंदाही तेच केलं त्याने. त्याच दिवशी डावीकडच्या उसात दलसिंगला साप चावला. तो सातपुड्यातून ऊसतोडीला आलेला मजूर. रुग्णवाहिका आली, पण ती रस्त्याच्या उजव्या बाजूला. मध्ये आमची न तुटणारी रांग. दलसिंगची बायको नानीबाई जीपची काच बडवू लागली.

"भाऊ, जागा दे! मन्हा माणूस मरी जाई!"

गिरधरचा चेहरा उतरला. "मांगे ट्रॅक्टर चिकटेल शे, बाई. कथा सरकू?" पुढे ट्रॉली, मागे ट्रॅक्टर; कुठे सरकायला जागाच नव्हती.

बराच वेळ नुसते हॉर्न वाजत राहिले. एकही गाडी हलेना. शेवटी मजुरांनी दलसिंगला उचललं आणि माझ्यावर पाय देत, बॉनेटला धरत कसंबसं पलीकडे नेलं. त्याचा सुजलेला पाय मला घासत गेला.

दलसिंग वाचला, पण पाय कापावा लागला. उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले. गिरधरने काही दिवस पुढच्या गाडीमागे जागा सोडली. मग एका सकाळी त्याने पुन्हा मला ट्रॉलीला चिकटवलं!

मित्रांनो, मी पडलो लोखंड. मला थांबता येत नाही, तुम्हाला येतं. पुढच्या गाडीमागे एक आजारी माणूस उचलून नेता येईल एवढी जागा सोडा. तेवढंही जमत नसेल, तर आपल्या हावरेपणाला माझं नाव देऊ नका.