नेरेइदाचा कोरा चेहरा

हृदयाची सोनोग्राफी शिकवणाऱ्या त्या प्रयोगशाळेत यंत्राच्या बटणांआधी चेहरा शिकवला जाई. मिसेस हालव्हर्सन पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "पेशंट कुशीवर, भिंतीकडे तोंड करून झोपतो. त्याला पडदा दिसत नाही. म्हणून तो मान वळवून तुमच्याकडे बघतो, तुमचा श्वास ऐकतो. आत काय आहे ते सांगणं डॉक्टरांचं काम. तुम्ही चित्र काढायचं आणि चेहरा कोरा ठेवायचा."

एलिसेओ बारागानला हे जमवावं लागलंच नाही. लहानपणापासून मनातलं मनातच ठेवणाऱ्या त्या मुलाचा चेहरा मुळातच कोरा होता. नेरेइदा ओचोआचं मात्र सगळंच उलट. तिच्या मनात काही उमटलं की ते तिच्या चेहऱ्यावर पोचायला क्षणही लागत नसे. त्यात तिला एक खोड होती. पडद्यावर काही अवघड दिसलं की ती नाकातल्या नाकात गुणगुणू लागे, आणि आपण गुणगुणतो आहोत हे तिचं तिला कळतही नसे.

दोघांची जोडी जमली ती देवाणघेवाणीतून. त्या कम्युनिटी कॉलेजात पदवीसाठी सगळ्यांनाच अर्थशास्त्राचा एक विषय घ्यावा लागे, आणि नेरेइदाला अर्थशास्त्राचा धसका होता. एलिसेओला त्यात गोडी होती, पण त्याचा हात जड होता. यंत्राचा प्रोब छातीवर टेकवला की त्याला हृदयाऐवजी फुप्फुसाचं धुकंच दिसे. मग ठरलं. सकाळी प्रयोगशाळेत तिने त्याला हात शिकवायचा, दुपारी कँटीनमध्ये त्याने तिला अर्थशास्त्र शिकवायचं, आणि वर थोडा चेहराही.

सराव एकमेकांवरच करायचा असे. पहिल्याच आठवड्यात नेरेइदाने त्याच्या बरगड्यांमध्ये प्रोब टेकवला आणि ती खुदकन हसली. तिने पडदा त्याच्याकडे वळवला.

"हे बघ, तुझ्या हृदयात कपडे वाळत घालायची दोरी आहे!"

खरोखरच डाव्या कप्प्यात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत एक बारीक धागा ताणलेला होता आणि प्रत्येक ठोक्यागणिक थरथरत होता. मिसेस हालव्हर्सन येऊन बघून गेल्या. अशी दोरी पुष्कळांना असते, तिने काही बिघडत नाही, असं त्यांनी सांगितलं. एलिसेओने घरी आईला सांगितल्यावर ती मक्याचं पीठ मळता मळता म्हणाली, "तुझ्या बापाकडूनच आली असणार. त्यांच्या घरात सगळं दोरीवरच लटकलेलं असायचं."

एलिसेओने आपलं हृदय स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ते तेवढंच. पुढे रोज तो भिंतीकडे तोंड करून पडे. रंगाचे पोपडे निघालेल्या त्या भिंतीवर त्याला आता डोंगर आणि नद्या ओळखू येऊ लागल्या होत्या. पाठीमागे नेरेइदाचा श्वास, खांद्याशी तिच्या कोपराची ऊब आणि मधूनच तिचं ते गुणगुणणं. इतकं निर्धास्त त्याला दुसरीकडे कुठेच वाटत नसे.

कँटीनमध्ये चेहऱ्याचा सराव चाले. तो काहीतरी सांगणार, तिने स्थिर राहायचं.

"नेरेइदा, तुझ्या चुलतभावाचा ट्रक चोरीला गेला."

"रोलांदोचा? तो खटारा? चोराला माझा नंबर दे. पेट्रोलचे पैसे मी देते त्याला." आणि ती फसकन हसली.

"नापास."

"मग नीट वाईट काहीतरी सांग ना! तुझ्या बातम्यासुद्धा तुझ्यासारख्याच भित्र्या आहेत."

एलिसेओने कागदी पेल्यातल्या कॉफीकडे पाहिलं. मग, आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट त्याने जणू सराव म्हणून सांगितली. त्याचे वडील बदामाच्या बागेत काम करताना, बोलता बोलता खाली बसले आणि उठलेच नाहीत. चाळिशी नुकती ओलांडली होती. हृदय, एवढंच डॉक्टर म्हणाले. हृदयाचं काय, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. तो हृदयाची सोनोग्राफी शिकायला आला होता, ते त्यासाठी.

नेरेइदाचा चेहरा क्षणभरही टिकला नाही. तिचे डोळे भरले, हनुवटी थरथरली. तिने पेपर नॅपकिन चेहऱ्यावर दाबून धरला.

"नापास," तो हळूच म्हणाला, आणि त्या नापास होण्यामुळे त्याला तिच्याबद्दल जे वाटलं त्याला त्याने पुढे कधी नाव दिलं नाही.

अर्थशास्त्राचे प्रूइट सर त्या दिवसांत जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दल शिकवत होते. नेरेइदाच्या डोक्यात काही शिरेना.

"सोपं आहे," एलिसेओ म्हणाला. "विकणाऱ्याला माहीत असतं की गिअरबॉक्स गेलेला आहे. घेणारा नुसता रंग बघतो."

"म्हणजे विकणारा रोलांदो, आणि गाडी त्याचा तो ट्रक."

"अगदी रोलांदो."

"आणि घेणाऱ्या बिचाऱ्याने काय करायचं?"

"रोलांदोला विचारत बसायचं नाही. तिसऱ्याच कुणाकडून तरी तपासून घ्यायचं."

परीक्षेत तिने ट्रकचंच उदाहरण लिहिलं आणि वर्गात पहिली आली. रोलांदोच्या बदनामीप्रीत्यर्थ तिने कँटीनमध्ये सगळ्यांना गोड पाव वाटले.

ऑक्टोबरच्या सुमारास तिचं गुणगुणणं थांबलं. एलिसेओच्या ते लक्षात आलं, आणि त्याला अभिमान वाटला. प्रोब एकाच जागी बराच वेळ रेंगाळे, किंचित तिरपा होई, पुन्हा सरळ होई. पाठीमागे मात्र शांतता. त्याने मान वळवून पाहिलं. तिचा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा होता.

"आज गुणगुणली नाहीस."

"शिकले बाबा एकदाची. मास्तर खमके मिळाले."

"इतका वेळ एकाच जागी?"

"हात बसवतेय. भिंतीकडे बघ, हलू नकोस."

तो भिंतीकडे वळला. आपण कुणाला तरी काही शिकवू शकलो, याचं सुख त्या पोपड्यांच्या डोंगरांवर उतरलेल्या उन्हासारखं त्याने मुकाट्याने भोगलं.

गावातल्या रुग्णालयात त्या वर्षी शिकाऊ विद्यार्थ्यासाठी एकच जागा होती. बाकीच्यांना किनाऱ्यावरच्या शहरांत जावं लागणार होतं. आईला गाडी चालवता येत नव्हती आणि तिचे गुडघे कामातून गेले होते, त्यामुळे ती जागा एलिसेओला हवी होती. नेरेइदालाही हवी होती. ज्याने स्वतः शोधलेला रुग्ण वर्गापुढे सर्वांत चांगला मांडला, त्याला ती मिळायची. दोघांनी हातावर हात मारून ठरवलं होतं की जिंकेल त्याने हरणाऱ्याला रविवारी मेनुडोचं तिखट सूप खाऊ घालायचं, आणि रुसायचं नाही.

डिसेंबरच्या त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की सगळा वर्ग उशिराच पोचला. एलिसेओने हृदयाभोवती पाणी साठलेली एक म्हातारी मांडली. व्यवस्थित, पण साधी. मग नेरेइदा उभी राहिली.

"आरोग्यमेळ्यात तपासलेला एक तरुण," ती म्हणाली. "कसलाही त्रास नाही. आपल्याला काही आहे याची त्याला कल्पनाही नाही."

पडद्यावर महाधमनीची झडप उघडली. तीन पाकळ्यांच्या जागी दोनच, माशाच्या तोंडासारख्या उघडमीट करणाऱ्या. तिच्या वर धमनीची नळी असायला हवी त्यापेक्षा रुंद झालेली. मागच्या बाकावरून कुणीतरी हलकेच शीळ घातली. मिसेस हालव्हर्सन पुढे झुकल्या. हे जन्मतः असतं, बापाकडून मुलाकडे येऊ शकतं, वर्षानुवर्षं गप्प राहतं आणि मग एके दिवशी नळी फाटते, असं नेरेइदा शांत, स्वच्छ आवाजात सांगत गेली. चित्रं अप्रतिम होती. असा हात वर्गात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

मग तिने डावा कप्पा दाखवला. निमिषभरच, पुढच्या चित्राकडे जाताना.

एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत एक बारीक धागा ताणलेला होता आणि थरथरत होता.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एलिसेओचेही हात वाजत होते. ते कुणी वाजवायला लावले ते त्याला कळलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळा रिकामी झाली. नेरेइदा वायरी गुंडाळत होती. एलिसेओ शर्ट काढून टेबलावर नेहमीसारखा कुशीवर झाला.

"आत्ता? चल ना, आधी काहीतरी खाऊ या."

"पडदा माझ्याकडे वळव," तो म्हणाला.

वायर तिच्या हातातच राहिली.

"मी दोरीचं चित्र काढून टाकणार होते," ती म्हणाली. "घाईत राहून गेलं."

"पडदा वळव, नेरेइदा. तुझा हात चांगला आहे. मला नीट बघायचंय."

तिने पडदा वळवला. छातीवर लावलेलं जेल थंडगार होतं. तिला शोधावंच लागलं नाही. तिचा हात सवयीने थेट त्या जागी गेला. दोन पाकळ्या उघडल्या, मिटल्या. तो आपल्या वडिलांकडे पाहत होता, असं त्याला वाटलं. बागेत बोलता बोलता खाली बसलेल्या माणसाच्या आत अखेरचं काय हललं असेल ते आता त्याच्यासमोर हलत होतं.

"तू गुणगुणायची थांबलीस, तेव्हापासून?"

"हो." आणि मग ती भराभर बोलू लागली. "आपण सांगायचं नसतं, नियमच आहे ना."

"एकमेकांना सांगायचं नसतं. मॅडमना सांगायचं असतं."

"सांगितलं असतं तर तुला त्याच दिवशी टेबलावरून उठवलं असतं. डॉक्टरकडे पाठवलं असतं. माझा सराव बुडाला असता, आणि ही चित्रंही मांडता आली नसती. सोमवारी जागा जाहीर होणार. मंगळवारी मी तुला स्वतः डॉक्टरकडे घेऊन जाणार होते. आईच्यान, एलिसेओ! सगळं ठरवलं होतं मी."

"माझे वडील कसे गेले ते तुला माहीत होतं."

तिने प्रोब किंचित तिरपा केला, पुन्हा सरळ केला.

"ते मी आणखी कुणालाही सांगितलेलं नाही."

"सोमवारपर्यंत थांब," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "इतके महिने काही झालं नाही ना? दोनच दिवस."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, हनुवटी थरथरत होती, कँटीनमधल्या त्या दुपारसारखीच. तेव्हा त्याने विश्वास ठेवला होता. आता तो बघत राहिला आणि त्याला काहीच वाचता येईना. हा चेहरा त्यानेच घडवला होता, आणि कोरा करायला शिकलेला चेहरा हवा तेव्हा भरताही येत असणार.

"चित्र साठव," तो म्हणाला.

तिने बटण दाबलं. तेच काही ठोके पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरू लागले.

एलिसेओने टॉवेलने छाती पुसली. शर्टाची बटणं लावायचा धीर त्याला राहिला नाही. प्रयोगशाळेच्या टोकाशी मिसेस हालव्हर्सन यांचं दार होतं. तिथवर जाताना पाठीमागून नेरेइदाने त्याला दोनदा हाक मारली. दुसऱ्यांदा नुसतंच "एली", फक्त त्याची आई मारी तशी.

मिसेस हालव्हर्सन डबा खात होत्या.

"मॅडम," तो म्हणाला, "माझ्या झडपेला दोनच पाकळ्या आहेत. तुम्ही एकदा तपासाल का?"

त्या उठल्या. रुमालाला हात पुसत पडद्यापाशी आल्या. झडप पाहिली, रुंदावलेली नळी पाहिली, त्याच यंत्रात साठवलेलं सकाळचं चित्र लावलं. दोरी दिसली. त्यांनी सकाळच्या टाळ्या ऐकल्या होत्या, आणि दोरी तर ऑगस्टमध्ये स्वतः पाहिली होती. त्यांनी नेरेइदाकडे वळून पाहिलं नाही. तीस वर्षांच्या सवयीने त्यांचा चेहरा हळूहळू कोरा होत गेला.

एलिसेओ त्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिला. कुणीतरी दचकावं, कुणाची तरी भुवई हलावी, असं त्याला फार वाटलं.

"झोप," मिसेस हालव्हर्सन म्हणाल्या आणि त्यांनी प्रोब हातात घेतला. "इकडे तोंड कर. भिंतीकडे नको."

कोपऱ्यात नेरेइदा वायर गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. ती गुणगुणत नव्हती.