शकूचा गुडघा आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी, मुठीत मावणारी पितळी घंटा आहे. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. तरी सांगते.

कल्याणच्या कासाराने मला घडवले. माझ्या बहिणी देवघरांत गेल्या. मला डॉक्टर प्रभाकरांनी नेले. १९५४ साल होते. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीचे काही डॉक्टर आणि नर्स मिळून एक शोध घेत होते. जी बाळे जन्मताच रडत नाहीत, त्यांच्या मेंदूला काय इजा होते, ती लवकर कशी ओळखावी? बाळ सहा महिन्यांचे झाले की त्याच्या कानामागे मला वाजवायचे आणि ते वळते का पाहायचे. दुसऱ्या घंटेचा आवाज वेगळा, म्हणून तिन्ही गावांना मी एकटीच. कलावतीबाई नर्स माझा लोलक रुमालात बांधून मला न्यायच्या.

एवढासा नाद कानातून आत जातो, आत कुठेतरी कळतो आणि मान वळते. दर वेळी मी थक्क होई.

एकदा कोपरीची शकू आपल्या सहा महिन्यांच्या गणूला घेऊन आली; तोही जन्मताच रडला नव्हता. तिने त्याला मांडीवर बसवले. मी वाजले. गणू झटकन वळला.

"पाहिलंत? वाघ आहे माझा," शकू म्हणाली.

मी पुन्हा वाजले. कलावतीबाई शकूच्या गुडघ्याकडे पाहत होत्या. माझ्या नादासरशी तो हळूच वर होई आणि बाळ माझ्या बाजूला कलंडे.

"अगं, परीक्षा गणूची आहे, तुझ्या गुडघ्याची नाही."

शकूचा चेहरा उतरला. "नाही वळला तर घरात म्हणतील, पोर वेडं आहे. मग त्याला कोण विचारणार, बाई?"

"आम्ही विचारू. पण त्याला काय हवंय, ते आधी कळू दे."

शकूने स्वतःच बाळाला चटईवर ठेवले. मी वाजले. गणू वळला नाही. पुन्हा वाजले. नाहीच. मला वाटले, आपण तडकून जावे.

"थांबा," डॉक्टर म्हणाले, "त्याचा अंगठा बघा."

मी वाजले. अंगठा चोखणारे ओठ थांबले. नाद विरला, आणि ते पुन्हा चोखू लागले.

"ऐकू येतंय त्याला. मान कमजोर आहे. त्यावर काम करता येईल."

मांडीवर हे कधीच दिसले नसते.

कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी शकूला मानेचे व्यायाम शिकवले. ती ते रोज करून घेई.

आता मी कपाटात आहे, हिरवी पडले आहे. मला कोणी घासून ठेवले तर बरे वाटेल, पण तेवढ्यासाठी मी बोलले नाही. मित्रांनो, एखादे मूल हाकेला वळले नाही, तर त्याला नावे ठेवू नका आणि त्याचे उणे झाकूही नका. जवळ बसा, नीट पाहा.

आणि गणू? त्या परीक्षेनंतरच्या दिवाळीआधी तो पुन्हा चटईवर होता. मी वाजले. जड कडी सरकावी तशी त्याची मान थांबत थांबत माझ्याकडे वळली. शकू लांब बसली होती, दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे घट्ट धरून.