बिनविस्तवाचा तंबू

दुपार कलली आणि लेटा गालब्रेथची घोडी खिंडीच्या अलीकडेच लंगडायला लागली. बर्फ असा पडत होता, की वळणावरची झाडंही दिसेनात. नवरा सकाळीच शिकारीचं मांस दुसऱ्या घोड्यांवर लादून खाली गावात गेला होता. त्यांचा तळ खिंडीपलीकडे. घोडीला ओढत अंधाराच्या आत तिथं पोचणं शक्यच नव्हतं. अलीकडे, ओढ्याच्या काठी, एकच तळ होता आणि तो कोणाचा हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिच्या धाकट्या भावाचा. ऑर्विनशी ती आठ वर्षं बोलली नव्हती.

त्याच ओढ्याकाठी त्यांचे वडील एका रात्री तंबूत झोपले, ते उठलेच नाहीत. गुडघ्यांमुळे त्यांना लाकडं फोडणं जमेनासं झालं, म्हणून ऑर्विननं त्यांना गॅसचा हीटर आणून दिला होता. बंद तंबूत तो जळत राहिला आणि आतली हवाच विषारी झाली. दफनाच्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर, सगळ्या गावादेखत लेटा म्हणाली होती, "तू मारलंस त्यांना." ऑर्विन टोपी चढवून पायऱ्या उतरून निघून गेला होता.

आता तो तंबूबाहेर जाळापाशी बसून पातेल्यात घेवडा शिजवत होता. दाढी पांढरी झाली होती. घोड्याची चाहूल लागताच तो उठला.

"कोण आहे?"

"मी. घोडी लंगडतेय."

त्यानं पातेलं जाळावरून उतरवलं. मग पुढे येऊन त्यानं लगाम हातात घेतला. "कुठला पाय?"

"पुढचा डावा."

त्यानं खूर उचलून पाहिला, चाकूच्या टोकानं खडा काढला. "उद्यापर्यंत चालेल नीट. तू आत जा, चिंब भिजलीयस."

लेटा दाराचं कापड सारून आत शिरली आणि थबकली. आत बाहेरच्याइतकंच गार होतं. उभ्या भिंतींचा तो जुना तंबू वडिलांचाच. कोपऱ्यात दगडांवर त्यांची पत्र्याची शेगडी होती, पण धुराड्याचे नळ सुटे करून खाटेखाली सारलेले. शेगडीत राख नव्हती, विस्तवाचा वासही नव्हता. उशीपाशी रजईची कड ऑर्विनच्या श्वासानं गोठून पांढरी झाली होती. बाहेर मात्र फोडलेल्या लाकडांची छातीएवढी रास.

"ऑर्विन, शेगडी बिघडलीय का रे?" तिनं आतूनच विचारलं.

"नाही."

"मग?"

"मी आत विस्तव करत नाही."

"कधीपासून?"

तो बाहेर काडीनं निखारे हलवत राहिला. "सवय झालीय. रजई जाड आहे."

"या थंडीची सवय? अस्वलालाही होत नाही."

"तुला हवी तर पेटव. मी बसतो बाहेर."

लेटा खाटेवर बसली. त्याला शिक्षा व्हावी असं तिला कितीदा वाटलं होतं. ती शिक्षा तो इथं एकटा, दर हिवाळ्यात, कोणी न सांगता भोगत होता. पाहून तिला बरं वाटलं नाही.

ती उठली, नळ ओढून काढले आणि एकात एक बसवायला लागली. बसेनात. खडखडाट ऐकून दारातून आवाज आला, "उलटं लावतेयस. बारीक तोंड खाली."

"मग तू ये ना, शहाण्या!"

तो आला. छताच्या कापडात बसवलेल्या पत्र्याच्या भोकातून त्यानं धुराडं वर काढलं, झडप फिरवून पाहिली, तळाला वाळूचा थर आहे ना ते चाचपलं. हात सरावाचे होते. आगकाडी मात्र त्याला पेटवता येईना. एक विझली. दुसरी विझली. लेटानं पेटी त्याच्या हातातून घेतली.

ढलप्यांनी पेट घेतला. आधी थोडा धूर आत भरला, तसा ऑर्विन ताडकन उठला आणि त्यानं दाराची दोन्ही कापडं सताड उघडली. धुराडं तापलं, धूर वर ओढला गेला, तरी तो दारातच उभा. पाठीवर बर्फ पडत होता.

"बस," ती म्हणाली. "दार राहू दे उघडं."

तो दाराशीच खोक्यावर बसला.

"बाबांना झुळूक म्हणून सहन व्हायची नाही," लेटा म्हणाली. "दिसेल त्या भोकात मोजे कोंबायचे. आई किती ओरडायची!"

"तेव्हाही कोंबले होते," ऑर्विन म्हणाला. "हवेसाठी ठेवलेल्या वरच्या खिडकीत. सकाळी मीच काढले ते. मी त्यांना दोनदा सांगितलं होतं, लेटा. खिडकी उघडी ठेवा म्हणून."

"हे तू कधी बोलला नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस."

ते तिला लागलं, आणि खरं होतं म्हणून जास्तच लागलं. तिनं शेगडीत एक ओंडका सरकवला, मग बाजूला वळून डोळे पुसले.

"मला कोणावर तरी ओरडायचं होतं," ती म्हणाली. "तू समोर होतास. चुकलं माझं."

ऑर्विननं मान हलवली. माफ केलं की नुसतं ऐकलं, हे कळायला मार्ग नव्हता. पण जरा वेळानं त्यानं खोकं शेगडीकडे ओढलं, हातमोजे काढले आणि तळवे पुढे धरले. छतावरचा बर्फ वितळून धप्पकन खाली घसरला. दोघंही दचकली, आणि लेटाला हसू फुटलं.

घेवडा खाऊन झाल्यावर त्यानं तिला खाट दिली आणि स्वतः दाराशी अंथरूण टाकलं. कापड हातभर उघडंच ठेवलं. वरची खिडकी त्यानं दोनदा तपासली.

जाग आली तेव्हा चांगलं उजाडलं होतं. बर्फ थांबला होता. ऑर्विन तोंड उघडं टाकून घोरत होता. रजई पायाशी, कपाळावर चक्क घाम. ती हळूच त्याला ओलांडून बाहेर आली आणि जागीच उभी राहिली. ताज्या बर्फात, तंबूच्या दोरांना लागून, एल्क हरणांच्या अख्ख्या कळपाच्या खुरांचे ठसे उमटले होते. त्यात एक नर असा मोठा, की त्याच्या खुराच्या ठशात तिची मूठ मावावी.

"ऑर्विन! ऊठ, कुंभकर्णा! पाहुणे येऊन गेले!"

तो डोळे चोळत बाहेर आला, त्यानं वाकून ठसे पाहिले आणि त्यांच्यामागोमाग नजर खिंडीपर्यंत नेली.

"दारावरून गेले," तो म्हणाला. "आणि मी झोपलो होतो!"

"घोरत होतास. मला वाटतं, ते ऐकूनच पळाले."

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि पोट धरून हसायला लागला. हसता हसता खाली बर्फातच बसला.

घोडी आता डावा पाय नीट टेकवत होती. लेटानं खोगीर उचललं, मग परत ठेवलं.

"कॉफी कुठं ठेवतोस रे?" तिनं विचारलं.